सहाव्या पावलावरचा डबा

लाल झेंडा वर गेला तेव्हा संभाजीमामांनी पहिली शिवी हासडली ती वाऱ्याला. वारा बिचारा त्या सकाळी वाहतच नव्हता. बालेवाडीच्या मैदानावर फेब्रुवारीचं ऊन नुकतं चढायला लागलं होतं आणि पंचांच्या टेबलावरचा कागदसुद्धा हलत नव्हता. पण शिवी कुणाला तरी द्यायची होती, आणि पूर्वाला देता येत नव्हती.

पूर्वा फळीच्या चांगली वीतभर पुढे पाय टाकून गेली होती. तिहेरी उडीत धावत येऊन फळीवरून झेप घ्यायची, त्याच पायावर एकदा, दुसऱ्या पायावर एकदा, आणि मग वाळूत. त्यात फळीपुढे बोटभर जरी पाय पडला, तरी नंतरची उडी कितीही देखणी असो, ती फुकट. प्रत्येकीला तीन संधी. एखादी बरोबर पडून पहिल्या आठात नाव लागलं, तर आणखी तीन. तिन्ही फुकट गेल्या, तर पिशवी उचलायची आणि घरी जायचं.

पूर्वा गेल्या वर्षभरात दोन स्पर्धांतून अशी पिशवी उचलून घरी गेली होती. सहा उड्या, सहा लाल झेंडे. तिची आई पूर्णिमाताई सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतात. दिवसभर पेशंटना 'बसा, नंबर आला की बोलावते' असं सांगून त्यांचा आवाज कायमचा तसाच झालेला. दुसऱ्या स्पर्धेनंतर त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं, "आणखी एक. त्यातही तीन लाल झाले, तर जूनपासून बारावीचा क्लास आणि बूट माळ्यावर." पूर्वानेही जिद्दीने मान डोलावली होती. तीच ही स्पर्धा, राज्याच्या संघाची निवड. तिची एक संधी आता संपली होती.

संभाजीमामा म्हणजे संभाजी बेनकर. कोथरूडच्या एका शाळेत मैदानावरचे शिपाई. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन राहिलेली. रोज पहाटे धायरीहून मोपेड काढायची, साडेपाचला मैदानावर पाणी मारायचं, फक्कीच्या रेघा ओढायच्या, जाळ्या बांधायच्या, हे त्यांचं काम. धायरीत त्यांच्या भावकीच्या जमिनीवर आता सात मजली सोसायट्या उभ्या आहेत. भाऊबंदांच्या दारात मोठाल्या गाड्या आल्या. मामांच्या वाट्याला दीड गुंठा आला, त्यावर त्यांनी घर बांधलं आणि विषय संपवला. आयुष्यात त्यांनी स्वतः एकही उडी मारलेली नाही. गटार ओलांडतानासुद्धा ते फळी शोधतात, असं शाळेतले मास्तर म्हणायचे.

मग हा माणूस उड्या कशा शिकवायला लागला? तर रेघांमुळे. बावीस वर्षांपूर्वी शाळेतले खेळाचे सर सोडून गेले आणि वाळूच्या खड्ड्यावर मांजरांची मालकी सुरू झाली. मामा मांजरं हाकलायचे, वाळू उकरायचे, आणि कडेला उभं राहून पोरं कशी धावतात ते बघायचे. प्रत्येक वेळी वेगळी. एकदा फळीच्या अलीकडे, एकदा पलीकडे, मधेच चिमुकली पावलं टाकत, मधेच ढांगा टाकत. जन्मभर सरळ रेघ ओढलेल्या माणसाला ते बघवेना. एका सकाळी त्यांनी धावपट्टीवर फक्की पसरली आणि पोरांना म्हणाले, पळा. पावलं उमटली. मामा गुडघ्यावर बसून एकेक ठसा मोजत गेले. तेव्हापासून जे मोजायला लागले ते आजतागायत. उडी पुढची गोष्ट, आधी धाव एकसारखी झाली पाहिजे, हे त्यांनी इतक्या पोरांना इतक्यांदा ऐकवलं होतं की त्यांनी तोंड उघडायच्या आत पोरंच ते म्हणून दाखवायची.

त्यांचे नियम साधे आणि कडक. तोच बूट, धाव सुरू करायची तीच खूण, सुरुवातीला तोच पाय, आणि पावलं मोजून सोळा. फळीकडे बघायचं नाही, नजर समोर. आणि शेवटून सहाव्या पावलापाशी, धावपट्टीच्या डाव्या हाताला, मामा स्वतः. तिथे पाय जागेवर पडला की पुढची पाच पावलं आपोआप बसतात, हे त्यांनी मोजून ठरवलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून उभं राहवत नसे, म्हणून तिथे रंगाचा वीस लिटरचा निळा डबा उपडा घालून ते बसत. वर्षानुवर्षं तिथेच. डबा उचलला तर खाली गवत उगवायचं विसरलेला गोल डाग दिसायचा.

मांडीवर लांबोडकी वही. तारीख, नाव, फळीपासून पाय किती सेंटिमीटर, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पूर्वाच्या नावापुढे दोन वर्षांत पानंच्या पानं भरली होती: दोन, एक, शून्य, तीन, एक. दहातल्या दहा धावा तीन बोटांच्या आत. असं पोर मामांनी बावीस वर्षांत दुसरं पाहिलं नव्हतं. आणि हेच पोर स्पर्धेत फळीच्या पलीकडे वीतभर, कधी फूटभर जात होतं.

मामांनी त्याचं उत्तर केव्हाच ठरवून टाकलं होतं. घाबरते. आधी त्यांनी ते लाडाने सांगितलं, मग समजावून सांगितलं, मग वैतागून. श्वास घ्यायला शिकवलं, केळं खायला लावलं, एकदा तर धायरीच्या देवळातला दोरा आणून मनगटावर बांधला. पूर्वा दोरा बांधून घ्यायची, केळं खायची, आणि पुन्हा खुणेवर जाऊन उभी राहायची.

आताही ती कठड्यापाशी आली तेव्हा तो दोरा हातात होताच.

"मामा, किती?"

"वीतभर गेली. खूण एक फूट मागं घे. आन् घाबरू नको."

"मी घाबरले नव्हते."

"बरं, न्हाई घाबरलीस. फूटभर मागं घे."

ती वळली, गेली, टेप लावून तिने खूण बरोबर एक फूट मागे नेली. मामांनी स्टँडमधून मान वाकडी करून ते नीट पाहून घेतलं. हिशेब सोपा होता. वीतभर पुढे जात होती, फूटभर मागून निघाली, म्हणजे पाय फळीच्या चार बोटं अलीकडे. थोडं अंतर वाया गेलं असतं, पण झेंडा पांढरा. मामांना एक पांढरा झेंडा हवा होता, अंतराचं नंतर बघून घेतलं असतं.

तेरा मुली होत्या. तेराजणींचा नंबर फिरून येईपर्यंत मामांनी रुमालाला पीळ घालून घालून त्याची दोरी केली. शेजारी पूर्णिमाताई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. त्यांनी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होत्या.

पूर्वाचा नंबर पुकारला. ती खुणेवर उभी राहिली, पुढे मागे झुलली आणि निघाली. एक, दोन, तीन... मामा ओठांत मोजत होते. धाव सुंदर होती. खांदे सैल, गुडघे वर. दहाव्या पावलाला तिची मान कणभर डावीकडे वळल्यासारखी वाटली, पुढचं पाऊल लांबलं, आणि फळी मागे टाकून ती उडाली. वाळूत कुठे पडली ते मामांनी पाहिलंच नाही. त्यांची नजर पंचाच्या हातावर होती.

लाल. आणि पुन्हा तेवढाच. वीतभर.

स्टँडमध्ये मागे कुणीतरी पापडीचं पाकीट फोडलं, तो आवाजही त्यांना सहन झाला नाही.

"अहो मामा," पूर्णिमाताई समोर बघतच म्हणाल्या, "खूण एक फूट मागे घेतली होती ना?"

"घेतली होती. मी बघितली."

"मग तो फूट गेला कुठे? नाही, मोजमाप तुमचं आहे, म्हणून आपलं विचारते."

एरवी मामांनी याला तसंच उत्तर दिलं असतं. पण या वेळी प्रश्न बरोबर होता. मागून निघालेली मुलगी मागेच पोचायला हवी. भीतीने पावलं आखूड होतात, नाहीतर वेडीवाकडी होतात. दोनदा नेमकी वीतभर पुढे कशी जाईल? एवढी नेमकी भीती मामांनी कधी पाहिली नव्हती. म्हणजे पोरगी चुकत नव्हती. ती कुठेतरी अगदी नेमकी पोचत होती, फक्त ती जागा फळीची नव्हती.

दहावं पाऊल. वळलेली मान. मामांनी तिकडे पाहिलं. धावपट्टीच्या डावीकडे हिरवळ होती, बाकी काही नाही. हिरवळीपलीकडे कठडा. कठड्यामागे स्टँड. आणि स्टँडमध्ये पहिल्या रांगेत, मांडीवर वही घेऊन, ते स्वतः.

ते रोजच्या सवयीने सहाव्या पावलासमोरच बसायला गेले होते. पण नेमक्या त्या जागी जिना होता, म्हणून जिन्याला लागून पुढच्या खुर्चीत बसले. एक खुर्ची पुढे, फळीच्या बाजूला.

मामांनी वही उघडली. पानं चिकटत होती. चौदा जुलै. त्या दिवशी ते पुतण्याच्या लग्नाला गेले होते आणि पोरांनी आपापला सराव केला होता. दुसऱ्या दिवशी पूर्वाने येऊन सांगितलं होतं, मामा, काल माझे पाचही फाउल झाले, काय झालं कळत नाही. मामा तेव्हा हसले होते. समोर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पूर्वा, पाच फाउल. शेरा: आळस.

वहीतली बाकी सगळी पानं ते डब्यावर बसलेले असतानाची होती. दोन, एक, शून्य, तीन, एक. ज्या धावेचा त्यांना एवढा गर्व होता, ती फळीपर्यंतची धाव नव्हतीच. ती त्यांच्यापर्यंतची धाव होती. पोरगी सोळांतली दहा पावलं पळून अकराव्याला त्यांच्या बरोबरीला येत होती, तिथे पाय जुळवत होती, आणि मग पुढचं बसत होतं. आज ते पुढे बसले, ती पुढे आली. पहिल्या स्पर्धेत ते थेट खड्ड्याजवळ उभे होते आणि ती फूट-फूटभर पुढे गेली होती. त्यानंतर ते तिला काय म्हणाले होते, तेही त्यांना शब्दन् शब्द आठवलं. त्यांचे कान तापले. एकतीस वर्षांत मुख्याध्यापकांपुढेही त्यांना एवढी लाज वाटली नव्हती.

ते उठले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. इथे. बरोबर इथे. ते इथे उभे राहिले, तर पाय फळीवर पडणार. तिला काही सांगायचीही गरज नव्हती. खूण पूर्वीच्या जागी ने, एवढं म्हटलं की झालं. पांढरा झेंडा, पहिल्या आठात नाव, कदाचित संघसुद्धा. आणि मग पुढच्या महिन्यात देशाची स्पर्धा, कुठल्यातरी लांबच्या गावी. तिथे संघाबरोबर प्रमाणपत्रवाले प्रशिक्षक जाणार. मैदानावरच्या शिपायाला तिथे कोण नेतं? पूर्वा तिथे दहाव्या पावलाला मान वळवणार आणि तिथे कुणीच नसणार.

पुढचं पुढे बघू, असं त्यांच्या मनात आलं. आज वाचली तरच पुढचं काही असणार होतं. खाली पूर्वा एकटीच गवतावर बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून. तिच्या आधी अजून आठ मुली होत्या. मामा जिन्यातून खाली उतरले आणि कठड्यापाशी जाऊन त्यांनी तिला हाक मारली.

ती आली. डोळे लाल नव्हते, कोरडे होते, ते मामांना जास्त लागलं.

"पूर्वा, तू घाबरत न्हाईस."

"थँक्स. दोन फाउलनंतर कळलं."

"ऐक. तू मला बघतीस. दहाव्या पावलाला. शाळेत मी डब्यावर असतो, तिथं आलीस की पाय जुळवतीस. तुला ठाऊक न्हाई, मला बी नव्हतं. हितं मी एक खुर्ची पुढं बसलो, तर तू तेवढी पुढं आलीस. खूण मागं नेली तरी आलीस."

तिची नजर धावपट्टीवरून निघाली, हिरवळीवरून गेली आणि मामांच्या खुर्चीवर थांबली. ती मनातल्या मनात धावून बघत होती हे मामांना दिसलं.

"जुलैमध्ये तुम्ही लग्नाला गेला होतात," ती हळू म्हणाली. "पाचही फाउल. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"व्हय."

"तुम्ही आळस लिहिलंत."

"व्हय."

"एक वर्ष, मामा. मी रोज स्वतःला ब्लेम करत होते. सगळ्यांना वाटतं मी डरपोक आहे. आईला पण वाटतं. मला पण वाटायला लागलं होतं." तिने मनगटावरचा दोरा पुढे धरला. "आणि तुम्ही मला दोरा बांधत होतात."

"चुकलं माझं," मामा म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी आजवर कुठल्या पोराला म्हटले नव्हते, आणि ते म्हणताना त्यांना कठडा धरावा लागला. "चुकलं. आता असं कर. खूण आधी होती तिथं ने. मी हितं जिन्यात उभा ऱ्हातो, बरोब्बर समोर. मला बघ, पाय जुळव. फळीवर पडंल. आजचं काम हुईल."

पूर्वाने जिन्याकडे पाहिलं. मग फळीकडे.

"आणि नॅशनल्सला?"

"तिथं मी नसंन."

"मग तिथे परत तीन लाल."

मागे पंचांनी कुणाचा तरी नंबर पुकारला. आता पाच मुली राहिल्या होत्या.

"मग तुम्ही जा," पूर्वा म्हणाली.

"कुठं?"

"कुठेही. मला दिसणार नाही असं. आय मीन, स्टँडमध्येच नको."

"पोरी, शेवटची हाय ही."

"माहितीये मला." आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नजर काढली नाही. "खूण मी माझी बघते. तुम्ही जा ना, मामा."

मामा वळले. जिन्याच्या अठरा पायऱ्या होत्या आणि गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता. पूर्णिमाताईंनी पर्स सावरत विचारलं, "आता ऐन वेळी कुठे निघालात?"

"तिनं घालवलं," मामा म्हणाले. पूर्णिमाताईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि पाय आत घेतले.

स्टँडच्या मागे पिण्याच्या पाण्याचे नळ होते. एक गळत होता. मामांनी तो आधी घट्ट बंद केला, कारण त्या थेंबांचाही आवाज नको होता. मग मैदानाकडे पाठ करून, भिंतीला हात टेकून ते उभे राहिले. भिंतीतल्या झरोक्यांमधून आवाज येत होते. लाउडस्पीकरची खरखर, कुणाच्या तरी शिट्ट्या. एक मुलगी धावली. तिची पावलं शेवटी अडखळली, हे त्यांना न बघता कळलं. दुसरी धावली. तिसरी. बावीस वर्षं ते डोळ्यांनी मोजत आले होते. कानांनीही मोजता येतं, हे त्यांना आज कळत होतं.

पूर्वाचा नंबर पुकारला.

कितीतरी वेळ काहीच आवाज नाही. मिनिटभराचीच मुदत असते. ती निघत का नाही? खूण कुठे लावली असेल? जिन्याशी जाऊन एकदा डोकावावं असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी भिंतीवरचा हात आणखी जोराने दाबला.

मग पावलं. खिळ्यांच्या बुटांचा करकरीत आवाज. एक, दोन, तीन, चार. लय चढत गेली. सात, आठ, नऊ. दहावं. अकरावं पाऊल लांबतं की आखडतं? लांबलं नाही. आखडलंही नाही. अकरा, बारा, तेरा, तशीच, सरळ, कुठेही न वळता, कुणालाही न शोधता. पंधरा. सोळा. फळीचा थाड असा आवाज, मग एक, मग दोन, आणि वाळूत फसकन.

त्यानंतर काही नाही. झेंड्याला आवाज नसतो. तो लाल आहे की पांढरा, हे भिंतीमागे उभ्या माणसाला कळायची सोय नाही. टाळ्या दोन-चार वाजल्या, पण टाळ्या काय, लाल झेंड्यालाही धीर द्यायला वाजवतात. मामा हलले नाहीत. त्यांनी घट्ट बंद केलेल्या नळातून परत एक थेंब पडला.

मग जिन्यावर चपलांचा आवाज आला. पूर्णिमाताई. त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. पदराने त्यांनी एकदा नाक पुसलं.

"पांढरा," त्या म्हणाल्या.

मामांनी भिंतीवर कपाळ टेकलं.

"अकरा मीटर ब्याऐंशी. सध्या तिसरी आहे." आता त्या काउंटरवरच्या आवाजात बोलत होत्या. "आणि निरोप आहे. तुम्ही इथेच थांबायचंय. अजून तीन उड्या आहेत म्हणाली. चहा आणून देऊ का? नाहीतरी तुम्हाला इथे दुसरं काम नाही."

"बिनसाखरेचा," मामा म्हणाले.

पुढच्या तिन्ही उड्या त्यांनी नळापाशी उभं राहून ऐकल्या. तिन्ही वेळा सोळा पावलं, तिन्ही वेळा तीच लय. शेवटच्या उडीनंतर टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या, आणि लाउडस्पीकरवर संघात निवडलेल्यांची नावं वाचताना पूर्वाचं नाव दुसरं आलं. एवढी चांगली उडी मारली आपल्या पोरीने आणि आपण ती पाहिली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. आनंद झाला होता, पण हे वाईट वाटणं त्यात मिसळून गेलं नाही, ते वेगळंच राहिलं.

पूर्वा धावत वर येत असल्याचा आवाज त्यांनी ओळखला. ती पोचायच्या आत त्यांनी वही उघडली, चौदा जुलैचं पान काढलं आणि 'आळस' या शब्दावर रेघ मारली. रेघ सरळ आली. बाजूला लिहिलं: मी नव्हतो.

मग आजचं पान. तारीख, पूर्वाचं नाव. फळीपासून पाय किती, तो रकाना त्यांनी कोरा सोडला. शेऱ्यात पुन्हा तेच लिहिलं. मी नव्हतो.